गुलमोहराची घाई

पाऊस जरा टेकला आणि वृक्षारोपणाचे फलक लागले. यंदाही टेम्पोतून उतरणाऱ्या रोपांत पहिला मान गुलमोहराचा, मागोमाग पेल्टोफोरम. बकुळ शोधूनच काढावी लागते. कारण ठरलेलं: बकुळ फार सावकाश वाढते. वाढतेच! पण सावलीसाठी झाड लावायचं तर उंची कशाला मोजता, सावली मोजा, आणि तीही चैत्र-वैशाखातली. मादागास्करहून आलेला गुलमोहर नेमका त्या काहिलीत उघडा पडलेला असतो. अंगावर गेल्या वर्षीच्या काळ्या चपट्या शेंगा, मग फुलांचा भडका, आणि पानांचा मांडव भरेपर्यंत मृगाचे ढग दारात. बकुळ बारमाही हिरवी. कडेला लाट असलेली तिची चिवट, चकचकीत पानं इतकी दाट, की भर दुपारी बुंध्याशी उन्हाचे चारदोन कवडसे पडले तर पडले. लाकडाचंही तेच. सावकाशीनं वाढलेली बकुळ जड आणि टणक, गुलमोहर ठिसूळ. वळवाच्या वावटळीत गाड्यांच्या टपांवर कोण आडवं होतं, ते वाचकांना सांगायला नको. अर्थात पेव्हर ब्लॉकनी गळा आवळला तर बकुळही जगणार नाही. हे माझं जुनं दळण. पाठ झालं असलं तरी पुन्हा दळतो.

कायदाही घाईच्याच पारड्यात. महाराष्ट्राच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरच्या झाडाला वारशाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायला सांगितलं, तीही सहा ते आठ फुटांची. हेतू चांगला. पण फूटपट्टी लावली की रोपवाटिका लवकर उंच होणारंच वाढवणार. शिवाय ६० वर्षांच्या झाडापायी ६० रोपं म्हणजे आजोबांच्या जागी पाळण्यातली साठ बाळं बसवून वय जुळलं म्हणण्यासारखं.

रस्त्याला सावली आज हवी, वीस वर्षं कोण थांबणार, हा आक्षेप खरा आहे. मग दोन बकुळींमध्ये शेवगा लावा. तो भराभर वाढतो, त्याची विरळ सावली कोवळ्या बकुळीला मानवते आणि पुढं तो काढताना कोणी रडत नाही. दुसरा आक्षेप सौंदर्याचा. साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहराचा दिवस साजरा होतो, खुशाल व्हावा. मैदानात, बागेत त्याला जागा आहेच. पण कोकण-गोव्यात जिला ओवळ म्हणतात, तिचं पहाटे गळलेलं फूल जरा हातात घेऊन पाहा. शर्टाच्या बटणाएवढी मळकट पांढरी चांदणी, मधोमध आयतं भोक, सुईशिवाय दोऱ्यात ओवावी. वाळून तपकिरी झाली तरी वास सोडत नाही. निविदेत रोपाच्या उंचीशेजारी ‘मे महिन्यातली सावली’ असा एक रकाना घाला, आणि मग पाहू टेम्पोतून काय उतरतं ते.