'चालते ना गाडी!'

दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या आमच्या पार्किंगमध्ये यवतमाळकडच्या पोरांची एक चर्चा ठरलेली. "स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून कट-कट आवाज येतो रे. जाईल का बाभुळगावपर्यंत?" लगेच तीन तज्ज्ञ हजर. "एक्सल असेल, वाजू दे. माझी सहा महिने वाजतेय." गावाकडचा सल्ला त्याहून स्वस्त : "कायले खर्च करता भाऊ, चालते ना गाडी!"

मंडळी, माझं भांडण या 'चालते ना'शी आहे.

मुळात 'एक्सल गेला' हे निदानच नव्हे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांना ताकद देणारे दोन शाफ्ट असतात. त्यांच्या टोकांना सीव्ही जॉइंट, त्यावर रबराचा बूट, आत ग्रीस. बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत. तेवढ्यात पकडलं तर बूट-ग्रीस बदलून भागतं. कट-कट सुरू झाली म्हणजे जॉइंट झिजलाय. तो तुटला की बहुतेक वेळा इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडीची ओढ जाते. स्टिअरिंग शाबूत राहतं, म्हणून लोक म्हणतात, "बघ, जीव थोडाच जातो!"

समृद्धीवर १२० च्या वेगात, मागे ट्रक असताना ओढ गेली तर? गरगरणारा तुटका शाफ्ट शेजारच्या ब्रेकच्या नळीवर आपटला तर? धामणगावला उतरून बाभुळगावकडे जाताना रात्री पुढे दिव्याशिवाय चाललेला कापसाचा ट्रॅक्टर असतो, तिथे ब्रेक लागलाच पाहिजे.

आणि हे सगळं खरंच सीव्ही जॉइंट असेल तर! त्याच कोपऱ्यात व्हील बेअरिंग आहे, लोअर आर्मचा बॉल जॉइंट आहे, टाय रॉड आहे. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं आणि गाडी कुठे जाणार हे तुमच्या हातात राहत नाही. मारुतीने जुलै २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या, टाय रॉड क्वचित तुटू शकतो एवढ्या शंकेवरून. इकडे आपण आवाज येऊ नये म्हणून गाणी मोठ्याने लावतो. (ऑफिसात कंपायलरची एक वॉर्निंग दिसली तर हीच माणसं रिलीज अडवतात!)

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९० दोष माहीत असणाऱ्यालाच धरत नाही. साधी काळजी घेतली असती तर जो कळला असता, तो दोषही त्यात येतो. पण तपासतो कोण? टॅक्सीला ठरावीक काळाने फिटनेस लागतं. आपल्या खासगी गाडीची पाळी १५ वर्षांनी, नोंदणी संपताना. तोवर पीयूसी, म्हणजे फक्त धूर.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. नुसती वळताना कट-कट असेल तर हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत, हायवेवर नाही. वेगाबरोबर वाढणारी घरघर, खड्ड्यात ठक्क आवाज किंवा स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा असेल तर गाडी जागेवर, आणि टोइंगवाल्याला फोन.

निघायच्या आदल्या शनिवारी गाडी लिफ्टवर घ्यायला लावा. पुढचं चाक वर-खाली धरून हलवून बघा, मग डावी-उजवीकडे. बुटाच्या घड्यांत बोट फिरवा, ग्रीस लागतंय का बघा. मेकॅनिक हसला तर हसू द्या.