साथ नसतानाचे काम

आपत्ती दोन प्रकारच्या असतात. पहिली मोठा आवाज करीत येते. जमीन हादरते, नदी पात्र सोडते आणि क्षणार्धात साऱ्या देशाचे लक्ष तिकडे वळते. १९७९ मध्ये मोरवीचे मच्छू धरण फुटले तेव्हा आणि १९९३ मध्ये किल्लारीचा परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला तेव्हा संघाचे स्वयंसेवक कसे धावून गेले, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. दुसऱ्या प्रकारची आपत्ती मात्र पावलांचा आवाज होऊ देत नाही. ती दरवर्षी ठरावीक ऋतूत, ठरावीक रानांच्या कडेला येते, एखाद्या घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळवते, कोठे त्याला कायमचे घेऊन जाते आणि पाऊस सुरू झाला की निघून जाते. वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर तिच्या वाट्याला चार ओळी येतात. सह्याद्रीच्या कुशीतील गावांना छळणारा माकडताप ही अशी दुसऱ्या प्रकारची आपत्ती आहे, आणि तिच्याशी लढण्यासाठी लागणारी शक्तीही वेगळ्या जातीची आहे.

या रोगाची पहिली नोंद झाली १९५७ मध्ये, आजच्या कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातील क्यासनूर नावाच्या जंगलात. तेथे माकडे पटापट मरून पडू लागली आणि त्यापाठोपाठ जंगलात सरपणासाठी, गुरांसाठी जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, या तापाचा विषाणू शोधून काढला. तेथील शास्त्रज्ञांनी रानात तळ ठोकून गोचीड गोळा केले, मेलेल्या माकडांची तपासणी केली. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अनेकांना स्वतःलाच या विषाणूची बाधा झाली. पुण्याच्या भूमीवरून चाललेल्या या ज्ञानसाधनेची माहिती पुणेकरांनाही फारशी नसावी, हे आपल्या सार्वजनिक स्मरणशक्तीबद्दल बरेच काही सांगून जाते.

कित्येक वर्षे हा रोग कर्नाटकाचा म्हणूनच ओळखला जाई. एकविसाव्या शतकात त्याने सीमा ओलांडल्या. २०१२-१३ च्या सुमारास बंडीपूर, निलगिरी आणि वायनाडच्या रानांत त्याचे अस्तित्व दिसले. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या प्रारंभी आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील केर गावात तो प्रकटला. पुढच्याच वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसराला त्याने ग्रासले. देशात दरवर्षी सरासरी चारशे ते पाचशे रुग्ण आणि शंभर रुग्णांमागे तीन ते पाच मृत्यू, असे त्याचे ढोबळ प्रमाण सांगितले जाते. महानगरात एखादा नवा ताप आला की वाहिन्यांवर तज्ज्ञांची रांग लागते. पण काजूच्या बागेत रोजंदारीने राबणारी बाई तापली, तर तिच्यासाठी चर्चासत्र भरत नाही. ज्यांचा आवाज कमी, त्यांच्या रोगाचाही आवाज कमी, असा हा व्यवहार आहे.

या रोगाचे नाव काहीसे अन्यायकारक आहे. माकड येथे आरोपी नाही, तेही बळीच आहे. विषाणूचे मूळ चक्र चालते ते रानातले उंदीर, चिचुंद्रीसारखे छोटे प्राणी आणि गोचीड यांच्यात. संसर्ग झालेला गोचीड वानराला किंवा लाल तोंडाच्या माकडाला चावला की ते आजारी पडते आणि विषाणू त्याच्या शरीरात बेसुमार वाढतो. माकड मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली पाचोळ्यात उतरतात, आणि ती जागा म्हणजे विषाणूचा साठाच बनते. तेथून जाणाऱ्या माणसाच्या पायाला गोचिडाचे पिल्लू चिकटते. ते इतके बारीक असते की, चावल्याचे बहुधा कळतही नाही. तीन ते आठ दिवसांनी अचानक थंडी वाजून ताप येतो, डोके आणि अंग विलक्षण ठणकते, डोळे लाल होतात, काहींना नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. काही रुग्णांत ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी तो पुन्हा उसळतो आणि मेंदूवर परिणाम करतो. त्यावर नेमके औषध नाही, वेळेत मिळालेली शुश्रूषा हाच आधार. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग होत नाही. म्हणून रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही, हेही गावोगाव निक्षून सांगितले पाहिजे.

आता प्रश्न येतो उपायांचा. या रोगावरची जुनी लस अनेक वर्षे वापरात होती. परंतु २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन मात्रा घेतलेल्यांनाही तिचे संरक्षण सुमारे ६२ टक्केच मिळते, असे दिसले. तिसरी मात्रा घेतल्यास ते वाढे, पण पुन्हा पुन्हा टोचून घ्यायला माणसे येत नसत. अखेरीस २०२२ मध्ये कर्नाटकात तिचा वापर थांबला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीसह नव्या लशीचे काम हाती घेतले आहे, ही समाधानाची बाब आहे. मात्र ती प्रत्यक्ष वाडीवस्तीवर पोहोचेपर्यंत गावांनी काय हात जोडून बसायचे? आणि लस आली तरी गोचीड रानातून निघून जाणार नाहीत.

‘जंगलात जाऊ नका’ हा सरकारी फलकावरचा सल्ला सोपा आहे. पण काजूचा हंगाम फेब्रुवारीपासून मेपर्यंतचा, आणि माकडतापाचा ऋतूही डिसेंबरपासून मेअखेरपर्यंतचा. ज्याची वर्षाची मिळकत त्या दोन-तीन महिन्यांवर अवलंबून आहे, त्याने रानात जायचे नाही तर जायचे कोठे? भाजावळीसाठी कवळ आणि पातेरा त्याला आणावाच लागतो, गुरे चारावीच लागतात. जगण्याशी फारकत घेतलेला सल्ला कोणी पाळत नाही. त्याऐवजी, जायचेच आहे तर कसे जावे, हे सांगणारा आणि ते करवून घेणारा माणूस गावात उभा राहावा लागतो.

असा माणूस उभा राहू शकतो, हे या पट्ट्याने अनुभवले आहे. वाडीवाडीत फिरून तापाच्या रुग्णांची नोंद घेणारी आशा कार्यकर्ती, जमिनीवरून पांढरे कापड ओढत गोचीड गोळा करणारा आरोग्यसेवक, मेलेल्या माकडाची वर्दी मिळताच तेथे धावणारे वनरक्षक आणि पशुवैद्यक, ही मंडळी या लढ्याची खरी आघाडी आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशा कार्यकर्त्यांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. तो गौरव भिंतीवर टांगण्यापुरता राहू नये. तुटपुंज्या मानधनावर आपल्याच माणसांसाठी ऊन-पावसात हिंडणाऱ्या या भगिनीच्या पाठीशी गाव उभे आहे की ती एकटीच दारोदार फिरते आहे, यावर त्या गावाची सुरक्षितता ठरते. सरपंच, पोलीस पाटील, बागायतदार, शिक्षक आणि मंदिराचे मानकरी तिच्या शब्दामागे उभे राहिले, तर तेच काम दसपट वेगाने होते.

लोकांना बरोबर न घेता साथ आवरायला निघालेल्या सत्तेचे काय होते, याचा धडा महाराष्ट्राने १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगमध्ये घेतला आहे. रँडसाहेबाच्या सैनिकांनी घराघरांत शिरून जी दांडगाई केली, तिने रोगाइतकीच माणसे भयभीत झाली. त्याच काळात लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालयासाठी पुढाकार घेतला, आणि सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. एकीकडे हुकूम होता, दुसरीकडे सेवा. समाजाने कशाला हृदयात स्थान दिले, हे सांगण्याची गरज नाही.

येथे एका नाजूक विषयाला हात घालणे आम्हाला आवश्यक वाटते. माकड हे आपल्याला मारुतीरायाचे रूप. ते मेलेले दिसले तर त्याला अंघोळ घालावी, हारफुले वाहावीत, खांद्यावरून नेऊन त्याचे अंत्यसंस्कार करावेत, अशी रीत देशाच्या अनेक भागांत आहे. या भावनेत भूतदया आहे आणि तिचा आम्हाला अभिमानच आहे. तिची टिंगल करून आरोग्यशिक्षण होत नाही, हे स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. परंतु श्रद्धावानांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यायला हवी. या पट्ट्यात मेलेल्या माकडाला हात लावणे, त्याच्याभोवती गर्दी करणे म्हणजे विषाणूच्या साठ्यात पाय ठेवणे होय. लांबून हात जोडावेत, जागेची खूण करावी, मुले आणि गुरे तिकडे फिरकू देऊ नयेत आणि तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्राला व वनखात्याला कळवावे. तपासणी, दहन आणि सभोवती कीटकनाशक भुकटी टाकणे हे काम प्रशिक्षित हातांचे आहे. मरता मरता त्या जिवाने गावाला धोक्याची सूचना दिली आहे. ती सूचना वेळेवर पोहोचवून गावातले माणूस वाचवणे, यापेक्षा मोठे श्राद्ध ते कोणते?

मात्र केवळ माकड मरण्याची वाट पाहणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे. गोचिडाचे जीवनचक्र वर्षभर चालते, तेव्हा गावाचे कामही वर्षभर चालले पाहिजे. पावसाळ्यात प्रौढ गोचीड गुरांच्या अंगावर पोसला जातो आणि मग मातीत अंडी घालतो. म्हणून आषाढ-श्रावणात पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गावातल्या प्रत्येक गोठ्यात गोचीड-निर्मूलन व्हावे. दिवाळीच्या पाडव्याला कोकणात गुरांना ओवाळतात. गोमातेची खरी सेवा तिच्या अंगावरचा गोचीड काढण्यापासून सुरू होते, हे त्या दिवशी सांगता येईल. कार्तिक-मार्गशीर्षात जत्रांचा मोसम असतो. सारे गाव ग्रामदेवतेपुढे जमते, गाऱ्हाणे घातले जाते, रात्री दशावतार रंगतो. रोगाचा ऋतू उंबरठ्यावर असताना सारा गाव एकत्र येण्याचा असा योग दुसरा नाही. देवाला गाऱ्हाणे घालून झाल्यावर चार शब्द माकडतापाचे बोलले गेले, तर ते कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा खोल जातील.

पौषापासून पुढे नियम पाळण्याचे दिवस. अंगभर कपडे, पायांत बूट, पाटलोणीची टोके मोज्यांत खोचलेली. उघड्या अंगावर आरोग्य खात्याने दिलेले गोचीड-प्रतिबंधक तेल. आपल्याच संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेने ‘डेपा’ हे असे प्रतिबंधक द्रव्य विकसित केले आहे, ही स्वदेशी विज्ञानाची अभिमानास्पद कामगिरी. रानातून आल्यावर कपडे गरम पाण्यात, अंगाला साबण आणि गरम पाणी. अंगावर गोचीड दिसलाच तर चिरडायचा नाही, चिमट्याने अलगद ओढून काढायचा. रानातला पातेरा या दिवसांत गोठ्यात वा घराजवळ आणून टाकायचा नाही. ताप आला तर मनाने गोळ्या न घेता, रानात गेल्याचे सांगून आरोग्य केंद्रात रक्त तपासायचे. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण रोज, न चुकता, सर्वांनी केल्या तरच त्यांना अर्थ आहे. गोव्यातील काजू कामगारांना या रोगाची बाधा झाल्याचे अभ्यास प्रसिद्ध आहेत. म्हणून बागायतदाराने मजुराच्या हातात कोयतीबरोबर तेलाची बाटली देणे, हा उपकार नसून त्याचे कर्तव्य आहे.

सरकारची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. तेल हंगाम संपताना नव्हे, सुरू होण्यापूर्वी पोहोचले पाहिजे. तपासणीचा अहवाल रुग्ण हाती असतानाच मिळाला पाहिजे. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमा कागदावर आहेत. माकडे त्या जाणत नाहीत, तेव्हा तिन्ही राज्यांची माहितीही सीमेवर अडता कामा नये. आणि जंगलतोडीचा हिशेबही मांडावा लागेल. १९८२ च्या अखेरीस दक्षिण कन्नडमधील बेळतंगडी तालुक्यात काजू लागवडीसाठी जंगल तोडल्यानंतर जी साथ उसळली, तिने शेकडो लोकांना ग्रासले होते. रान मोडून माणूस त्याच्या पोटात शिरला की रानातले रोगही माणसाच्या दारात येतात. देवराया राखणाऱ्या आपल्या पूर्वजांनी ही मर्यादा ओळखली होती.

सर्वांत कठीण वर्ष कोणते? ज्या वर्षी कोणी दगावत नाही ते. रुग्ण घटले की तेलाच्या बाटल्या कपाटात जातात, बूट अडगळीत पडतात, आशाताईचे बोलणे कंटाळवाणे वाटू लागते, आणि पुढच्या एखाद्या माघात रोग पुन्हा दार ठोठावतो. संकटात धावून जाणारा समाज आपल्याकडे आहे. संकट नसतानाही रोजचे काम न सोडणारा समाज घडवणे, हेच तर संघटनेचे प्रयोजन. रोजची शाखा ज्याने चुकवली नाही, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. दोडामार्ग, सावंतवाडी आणि सत्तरीतील कार्यकर्त्यांनी, महिला मंडळांनी आणि भजनी मंडळांनी आपापल्या वाडीतील आशा कार्यकर्तीला येत्या हंगामापूर्वी भेटावे आणि विचारावे : ताई, आमच्याकडून कोणते काम हवे? ती जे सांगेल ते वर्षभर करावे. त्याचे छायाचित्र कोठे छापून येणार नाही. त्या वाडीतला काजू वेचणारा प्रत्येक जण मृगाचा पहिला पाऊस धडधाकट पाहील, एवढेच त्याचे फळ. तेवढे पुरेसे आहे.