मांजर म्हातारे होते तेव्हा

घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावात मांजर पाळावे लागत नाही. ते आपणहून येते, माजघरात बस्तान बसवते आणि दोन पावसाळे उलटले की घरचेच होऊन जाते. ज्या घरात ज्वारीची पोती आणि वेचणीचा कापूस ठेवायचा त्या घराला उंदरांपासून राखण हवी असते, आणि मांजराला भाकरतुकडा व ऊब हवी असते. इतक्या साध्या व्यवहारावर हे नाते उभे राहते. दहा-बारा वर्षे ही राखण बिनबोभाट चालते. मग एके दिवशी गादीवरून, धान्याच्या पोत्यावरून, कधी शाळकरी मुलाच्या दप्तरावरून तो उग्र दर्प येऊ लागतो आणि घरात एकमताने निकाल लागतो : मांजर माजले आहे, सोडून द्या.

पुढचा विधी सर्वांच्या परिचयाचा आहे. पोते, सुतळी, मोटारसायकल आणि गोदाकाठचे एखादे दूरचे शिवार. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, ही समजूत आपल्याकडे अजून पुरती पुसलेली नाही. त्यामुळे मारीत कोणी नाही. परंतु तरुण मांजर परक्या शिवारात उंदीर-सरड्यांवर गुजराण करू शकेल, म्हातारे करू शकणार नाही. ज्याचे दात झिजले आहेत आणि सांधे आखडले आहेत अशा मांजराला पोत्यातून मोकळे करणे म्हणजे सोन्याचा खर्च वाचवून त्याला मारणेच होय. कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमानुसार, उपासमार किंवा तहान यांच्या यातना होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणावाचून सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कलमात दंड सांगितला आहे तो दहा ते पन्नास रुपये. पोते आणि पेट्रोल यांचा खर्च त्याहून अधिक होतो!

मूळ चूक निकालात नसून निदानात आहे. आयुष्यभर बाहेर जाऊन, माती उकरून, वर माती लोटणारे स्वच्छतेचे वेडे जनावर उतारवयात घरातच लघवी करू लागते, तेव्हा ते बहुधा खोडी काढीत नसते. ते आजारी असते. म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडे क्षीण होतात, हे तर फार नेहमीचे. मग ते पाणी पुष्कळ पिते, लघवी पातळ आणि वारंवार होते, बाहेर जाईपर्यंत दम निघत नाही. मधुमेहातही हेच घडते. गळ्यातील अवटू ग्रंथी अधिक काम करू लागली की मांजर खाते खूप आणि वाळत मात्र जाते. मूत्राशयाला सूज वा खडा असेल तर लघवी करताना कळ येते. ज्या जागी कळ आली ती जागा मांजर टाळते आणि मऊ गादी शोधते. संधिवाताच्या मांजराला उंबरा हाच डोंगर वाटतो. काहींची तर वयोमानाने स्मृतीच ढळते. आपल्या घरातल्या वृद्धांविषयी आपल्याला जे समजते ते मांजराविषयी समजायला फारशी विद्वत्ता नको.

खोडी आणि दुखणे यांतला भेद ओळखण्याची एक खूण आहे. शेपूट ताठ थरथरवीत उभ्याने भिंतीवर वा दारावर जी फवारणी होते ती हद्द आखण्यासाठी. ती प्रामुख्याने बोक्याची सवय, आणि खच्चीकरणाने ती पुष्कळ अंशी जाते. बसून, सपाट जागी जी होते ती खरी लघवी. आणि बोका वारंवार बसतो, कुंथतो, पण थेंबही पडत नाही असे दिसले तर त्या दिवशी दुसरे कोणतेही काम महत्त्वाचे मानू नये. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो.

घरगुती उपायांत मात्र आपण कमालीचे धीट. ताप वा दुखणे समजून माणसाची पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराला देणे म्हणजे त्याला विष घालणे. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही. फिनाईलमधली कार्बोलिक जातीची द्रव्येही त्याच कारणाने त्याला घातक असतात. ओल्या फरशीवर चालून ते पंजे चाटते आणि फिनाईल पोटात जाते. फडक्याने ओल टिपून घ्यावी, साबणाच्या पाण्याने जागा धुवावी, गोधडी कडक उन्हात टाकावी. जालना जिल्ह्यात उन्हाचा तुटवडा अद्याप झालेला नाही.

घरेही बदलली, हे विसरून चालणार नाही. सारवलेली जमीन, परसू आणि मागचा उकिरडा असलेल्या घरात म्हाताऱ्या मांजराचे हे दुखणे कोणाच्या लक्षातही येत नसे. आता सिमेंटचे घर, लोखंडी दार, रात्री कडी. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, पुढे घनसावंगी तालुक्याचे ठिकाण झाले. कचेऱ्या आल्या आणि त्यांच्याबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा शिक्षक व कारकून वर्ग आला. या वर्गाची अडचण खरी आहे. घरमालक दर्पाची तक्रार करतो, बदलीचा हुकूम येतो, नव्या गावी मांजरासह खोली कोण देणार? घरात दम्याचा रोगी असेल तर प्रश्न अधिकच बिकट होतो. या लोकांना निर्दय म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. त्यांना सल्ला विचारायला जागाच नाही, ही खरी उणीव आहे.

सरकारी दवाखाना आहे. पण त्यातल्या अधिकाऱ्याचे पदनामच ‘पशुधन विकास अधिकारी’. गाय, म्हैस, शेळी हे धन. मांजर धनात बसत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत कुत्री मोजली, ससे मोजले, हत्तीही मोजले; मांजराला त्या तक्त्यात रकाना नव्हता. ज्याची गणती नाही त्याच्यासाठी औषधाची तरतूद कोण करणार? मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याला त्या मानाने जवळ. तथापि म्हाताऱ्या मांजराला टोपलीत घालून परभणीची एस. टी. धरणारा मनुष्य विरळाच.

‘माणसांनाच औषधे मिळत नाहीत, तेथे मांजराचे काय घेऊन बसलात’ हा आक्षेप ठरलेला आहे. पण मागणी मोठी नाही. तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातील एक दुपार कुत्र्या-मांजरांसाठी राखावी. लघवी तपासण्याच्या पट्ट्या महाग नसतात. साखर, रक्त आणि प्रथिने एवढे तरी त्यांवरून कळते. बोक्यांचे खच्चीकरण तेथेच व्हावे. आणि ज्याची मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली, ज्याला अन्नपाणी नकोसे झाले, अशा मांजराला वेदनारहित मरण देणारे इंजेक्शनही तेथे मिळावे. हे लिहिणे अनेकांना रुचणार नाही. परंतु शिवारात उपाशी आठवडा काढण्यापेक्षा ते निश्चितच दयेचे आहे.

दरम्यान घरात करण्याजोगे थोडेच आहे. एक पसरट, बुटक्या काठाचे घमेले, म्हातारे मांजर सहज आत जाईल असे, जेवणाच्या जागेपासून दूर ठेवावे आणि रोज साफ करावे. त्यात वाळू घालावी असे पूर्वी सहज लिहिता आले असते. गोदावरीची वाळू आता ज्या भावाने आणि ज्या वाटांनी मिळते ते पाहता, चाळलेली माती किंवा लाकडाचा भुसा बरा. पाण्याची वाटी कधी रिकामी ठेवू नये. ‘फार पिते म्हणून फार करते’ असे म्हणून पाणी तोडणारे लोक आहेत. पण मूत्रपिंडे दुबळी झालेल्या मांजराला त्या वाटीचाच आधार असतो.