आधी नाव, मग इसार

"ताई, प्लॉट बघितलाय. जिंतूर रोडला. भाव बी बरा हाय. आता सुरुवात कुठून करावी?"

असा प्रश्न घेऊन महिन्याकाठी एक तरी बाई माझ्याकडे येते. बहुतेक वेळा ती बचतगटातली असते, कधी आशा कार्यकर्ती, कधी शाळेत खिचडी शिजवणारी. चार भांडी विकून, सोनं मोडून, गटाचं कर्ज काढून दोन खोल्यांपुरती जागा घ्यायची असते. मी तिला उलटा प्रश्न विचारते, "घ्यायचा कुणाच्या नावावर?" यावर ती हसते. "मह्या नावाचं काय करायचं ताई? ते हाईत की."

घर घ्यायचं म्हटलं की सल्ला द्यायला सगळा गाव येतो. पाणी किती दिवसांनी येतं बघा, पावसाळ्यात चिखल होतो का बघा, तोंड पूर्वेला असू द्या. घर विकायचं असेल तर भाव कसा ताणायचा हे सांगणारे भेटतात. नावाविषयी कुणी काही बोलत नाही, कारण ते ठरलेलंच असतं. मला वाटतं, घर घेताना असो की विकताना, सुरुवात तिथूनच करायला हवी. कागदावर आज कुणाचं नाव आहे आणि उद्या कुणाचं असणार आहे? बाकीचं सगळं त्यानंतर.

गंगाखेड, पालम, सोनपेठकडची माणसं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. म्हणजे बाजाराला हे पक्कं ठाऊक आहे की बाईचं काम निम्मं आहे, आणि उचल देताना तो हिशेब चोख करतो. याच उचलीतून, याच कोयत्यातून तालुक्याच्या गावाच्या कडेला प्लॉट घेतला जातो. त्याच्या खरेदीखतावर मात्र अर्धा कोयता गायब असतो.

अशी एक जोडी माझ्या कामाच्या भागातली. दहा-अकरा हंगाम दोघांनी ऊस तोडला. पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या. तिचं एक मूल फडात जन्मलं. एके दिवशी दोन अनोळखी माणसं टेप घेऊन अंगण मोजायला आली. तिला वाटलं नगरपालिकेची असतील. ती घर विकत घेतलेली माणसं होती. नवऱ्यानं पंधरा दिवसांपूर्वी खरेदीखत करून दिलं होतं, पैसे घेतले होते, आणि बरेचसे उधळलेही होते. ती आमच्याकडे आली तेव्हा दस्त नोंदवून झालेला होता.

कायद्याच्या दृष्टीनं त्यानं काही चूक केली नव्हती. घर त्याच्या नावाचं होतं आणि त्याच्या कमाईचं समजलं जात होतं. असं घर विकायला महाराष्ट्रात बायकोची सही लागत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. ते घर नवऱ्यानं विकू नये असा मनाई हुकूमही कोर्टाकडून मिळू शकतो. पण त्यासाठी विक्रीचा वास आधी यायला हवा आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा वकिलाकडे आधी पोचायला हवं. आम्ही उशिरा पोचलो. ती आज भाड्याच्या खोलीत राहते आणि अजून तोडीला जाते.

शेजारच्या गोव्यात हे इतकं सोपं नाही. तिथं पोर्तुगीज काळातला नागरी कायदा चालत आला आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक असतात, आणि घर विकताना दोघांची सही लागते. गोव्यातल्या बायकांचे प्रश्न त्यानं संपले असं नाही. पण निदान टेप घेऊन कुणी अचानक अंगणात येत नाही. महाराष्ट्रात राहत्या घराच्या विक्रीला जोडीदाराची सही सक्तीची करा, ही मागणी आपण अजूनही जोर लावून का करत नाही, हे मला कळत नाही. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. शरद जोशींच्या शब्दावर गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. सरकारनं २००३ मध्ये परिपत्रक काढून ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर दोघांच्या नावे लावायला सांगितलं. म्हणजे विचार नवा नाही. तो पुरुषाच्या मोठ्या मनावर आणि ग्रामसेवकाच्या सवडीवर सोडलेला आहे, एवढंच.

आमच्यातल्याच काही कार्यकर्त्या म्हणतात, नुसतं नाव लावून काय होतं? मारणारा मारतोच, सही घेणारा सही घेतोच. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून खोडून काढत नाही. १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तेव्हापासून हिशेबी नवरे आपण होऊन बायकोचं नाव लावायला लागले. सुरुवातीला पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, तीही २०२३ मध्ये काढली. अशी नावापुरती मालकीण मला भेटते. कागद कुठं ठेवलाय हे तिला माहीत नसतं. तरीही तिचं घर विकायचं तर तिला कचेरीत न्यावं लागतं, तिचा फोटो आणि अंगठा लागतो. 'नाही' म्हणायला एक दिवस तरी तिच्या हातात येतो. ऊस तोडणाऱ्या त्या बाईला तो दिवस मिळाला नाही.

शिवाय नावाचा उपयोग नुसता विक्रीच्या दिवशी नसतो. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या बायकांचा अभ्यास केला होता, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांच्यापैकी ४९ टक्के बायकांनी नवऱ्याचा दीर्घकाळ मार खाल्ला होता. नुसती जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, नुसतं घर असलेल्यांत १० टक्के, आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के. जमिनीपेक्षा घराचा आधार मोठा ठरला, हे मला फार बोलकं वाटतं. रात्री अकरा वाजता शेतात कुठं जाणार? घर असलं तर जायचंच नसतं.

आता गटाच्या कर्जाविषयी. मायक्रोफायनान्सवाले बायकांनाच कर्ज देतात, कारण बायका फेडतात. त्या पैशातून भिंती उभ्या राहतात. हप्ता तिच्या नावावर, घर त्याच्या नावावर. बँकेच्या गृहकर्जातही तिला सहकर्जदार म्हणून बसवतात, कागद मात्र त्याच्या एकट्याच्या नावाचा. उद्या तो गेला किंवा सोडून गेला तर कर्ज तिच्याकडं राहतं. म्हणून मी गटात सांगते, ज्या घरावर नाव नाही त्या घरासाठी कर्जावर सही नाही. हे ऐकून एका बाईनं खरंच सही अडवली. आठ दिवस घरात कुणी तिच्याशी बोललं नाही. नंतर 'लिहून घेणार' म्हणून दोघांची नावं आली.

नाव घालायचं ते इसाराच्या वेळी. सौदाचिठ्ठी झाली, पैसे दिले, की खरेदीखताच्या दिवशी "आता कशाला बदलायचं" म्हणतात. आणि सौदाचिठ्ठी म्हणजे खरेदी नव्हे, हेही सांगायला लागतं. परभणीच्या कडेच्या वस्त्यांत कित्येक प्लॉट बाँडवर घेतलेले आहेत. पूर्वी शंभराचा बाँड असे, २०२४ पासून पाचशेचा. त्यावर नोटरीचा शिक्का असतो, साक्षीदार असतात, सगळं थाटात असतं. पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखताशिवाय घराची मालकी विकत मिळत नाही, मग शिक्के कितीही असोत. ग्रामपंचायतीचा नमुना आठही घरपट्टीसाठी असतो. तिथं नाव लावून घ्यावं, पण त्यावर विसंबून राहू नये. विकणाऱ्याकडे सातबारा किंवा मालमत्ता पत्रक मागावं, त्याला ते कसं मिळालं याचे फेरफार मागावेत, सूची दोन काढावी. आपल्याकडे निजामाच्या राजवटीपासूनच्या नोंदी आहेत. जुन्या फेरफारात किंवा इतर हक्कात मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान इनाम असं काही दिसलं, किंवा भोगवटादार वर्ग दोन लिहिलेलं असलं, तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नये. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत आम्हाला गट कसा बांधायचा ते शिकवलं, फेरफार कसा वाचायचा ते कुणी शिकवलं नाही. ते मी एका म्हाताऱ्या दस्तलेखकाच्या टेबलाशी बसून शिकले.

विकण्याची बाजू याहून अवघड आहे, कारण तिथं भाऊ असतो. आईवडलांचं घर विकायचं ठरलं की बहिणीला फोन जातो, "राखीला येतेसच, तर आधार कार्ड घेऊन ये." राखी बांधून होते, दुसऱ्या दिवशी कचेरीत हक्कसोडपत्र होतं. राजीखुशीनं, कोणत्याही दबावाशिवाय, काही मोबदला न घेता. वर एक लुगडं मिळतं. १९५६ च्या कायद्यानं वडलांच्या स्वकमाईच्या घरात मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, पण राहत्या घराची वाटणी मागायची तर भावांची मर्जी होईपर्यंत थांब, असं त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये होतं. ते कलम २००५ मध्ये निघालं. वडिलोपार्जित घरातला मुलीचा हक्क जन्मानं आहे, २००५ साली वडील हयात असोत की नसोत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. हा कायदा आपल्याकडच्या बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम बहिणीचा हिस्सा भावाच्या निम्मा, पण हिस्सा आहेच, आणि तोही असाच सोडवून घेतला जातो. "लग्नात खर्च केला" या सबबीला अर्थ नाही. हुंडा दिला म्हणून मुलीचा घरातला हक्क जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २०२३ मध्ये सांगितलं आहे.

इथं एक गोष्ट आपल्यालाही टोचायला हवी. आपण विकत घेणाऱ्या असतो तेव्हा आपल्यालाही त्या बहिणीची सही हवीच असते. तिच्या सहीशिवाय घेतलेलं घर म्हणजे दारात उभा असलेला दावा. मग आपणच म्हणतो, "तेवढं बहिणीचं हक्कसोड करून घ्या, मग पैसे देतो." बचतगटातल्या बाईनं हे म्हटलेलं मी ऐकलं आणि गप्प बसले, कारण कायद्यानं तिचं बरोबर होतं. आता मी गप्प बसत नाही. बहिणीला खरेदीखतातच 'लिहून देणार' म्हणून भावांच्या बरोबरीनं घ्या आणि तिच्या वाट्याचा चेक तिच्या नावानं काढा, असं सांगते. घेणारीला यात काही जास्त लागत नाही. कागद उलट जास्त पक्का होतो. चेक परत भावाला द्यायचा असेल तर तो तिनं द्यावा. तिच्या खात्यात तो एकदा पडू तरी दे.

शेवटची अडचण नावाचीच, पण वेगळी. जिंतूर रोडच्या प्लॉटवालीला मी कागद घेऊन बोलावलं. तिनं शाळेचा दाखला आणला, त्यावर माहेरचं नाव. आधारवर सासरी बदललेलं नाव आणि नवऱ्याचं आडनाव. पॅनवर पहिलं नाव माहेरचं, आडनाव सासरचं. तिघी वेगळ्या बायका वाटाव्यात. दस्तलेखकानं विचारलं, "यातली कोणती बाई घर घेणाराय?" सगळे हसले, तीही हसली. मग प्रतिज्ञापत्र, पॅन दुरुस्ती, या टेबलावरून त्या टेबलावर, असे तीन आठवडे गेले. विकणारा कुरकुरला, नवरा वैतागला, "मह्या एकट्याचं केलं असतं तर कवाच झालं असतं" असं दोनदा म्हणाला. इसार तोवर दिला नव्हता. दिला तेव्हा पावतीवर दोन नावं होती, आणि पावती तिनं स्वतःच्या पेटीत ठेवली.