हरकतीची भाषा

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ साली कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला आणि परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा होतकरू तरुणांच्या आशा पल्लवित झाल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातील पालकांनीही मुलांना जर्मन शिकविण्याचा विचार केला, तर नवल नाही. मात्र अशा वर्गांत आरंभी शिकविले जाते ते अभिवादन, बाजारहाट आणि रेल्वेचे तिकीट. ज्या वाक्याने परक्या मुलखात माणसाचा हक्क शाबूत राहतो, त्याची पाळी बहुधा येतच नाही.

ते वाक्य असे : ‘हिअरमिट लेगे इश विडरश्प्रुख आइन.’ म्हणजे, ‘याद्वारे मी हरकत नोंदवीत आहे.’ जर्मन कचेऱ्यांचा कारभार कायद्यानेच जर्मन भाषेत चालतो. सरकारी निर्णयाच्या पत्रास तेथे ‘बेशाइड’ म्हणतात. त्याविरुद्ध कोठे आणि किती दिवसांत दाद मागावयाची, याची सूचना बहुधा पत्राच्या अखेरीस असते. ‘विडरश्प्रुख’साठी सामान्यतः एक महिना मिळतो. करआकारणीविरुद्धच्या अर्जास ‘आइनश्प्रुख’ म्हणतात. त्यासही एक महिना. परंतु वाहतूक दंडाविरुद्धच्या ‘आइनश्प्रुख’ला अवघे दोन आठवडे आणि नोकरीवरून काढल्यास कामगार न्यायालयात जाण्यास तीन. शब्दकोशात दोन्ही शब्दांचा अर्थ आक्षेप. कचेरीत मात्र त्यांचे मार्ग भिन्न. पत्र वाचता आले नाही, म्हणून मुदत थांबत नाही.

हे काम वकिलाचे, असे कोणी म्हणेल. पण वकील गाठेपर्यंत मुदत टळली तर? म्हणूनच ‘बेग्र्युंडुंग फोल्ग्ट’, अर्थात ‘कारणे मागाहून देतो’, हे दोन शब्द मोलाचे. हरकत वेळेत दाखल होते आणि सल्ला घेण्यास अवधी मिळतो. तिसरा शब्द ‘आक्टेनआइन्झिश्ट’, म्हणजे आपल्या प्रकरणाची फाइल पाहण्याची मागणी.

ही कल्पना या जिल्ह्याला परकी नाही. तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली की हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, हे शेतकरी जाणतो. राज्यातील माहिती अधिकाराच्या कायद्यामागे पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांचे आंदोलन होते. २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार माहिती नाकारल्यास तीस दिवसांत पहिले अपील करता येते. गावी ही वाट ठाऊक असलेल्या माणसाने परदेशी जाताच मूक का व्हावे? नव्याने आलेल्याने हुज्जत घालू नये, ही भीती त्यामागे असते. पण हरकत ही हुज्जत नव्हे. ज्या व्यवस्थेने निर्णय दिला, तिनेच ती वाट ठेवलेली असते.

अर्थात नुसत्या घोकंपट्टीनेही भागणार नाही. व्हिसा नाकारल्यास जर्मन वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करण्याची सोय होती. १ जुलै २०२५ पासून ती बंद झाली आणि बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा करणे एवढाच मार्ग उरला. तेव्हा वाक्यांबरोबर पत्राची अखेर वाचण्याची सवयही शिकवावयास हवी.

तरुणांना परदेशी पाठविताना त्यांना हुकूम समजण्यापुरती भाषा देणे पुरेसे नाही. हुकूम चुकला असेल, तर तसे रीतसर सांगण्याइतकी भाषा त्यांच्यापाशी असली पाहिजे. ती अभ्यासक्रमात प्रथमपासून असावी.