दुसरा सर्व्हर कुणी पुढे आणायचा?

रांजणगाव आणि कुरकुंभ या पुणे जिल्ह्यातल्याच दोन औद्योगिक वसाहती. पहिली शिरूर तालुक्यात नगर रस्त्यावर, दुसरी दौंड तालुक्यात सोलापूर रस्त्याला लागून. अशा वसाहतींतल्या मोठ्या कारखान्यांच्या कंट्रोल रूममध्ये सर्व्हर जोडीनं बसवतात: एक चालू, एक स्टँडबाय. चालू सर्व्हर बंद पडला की दुसऱ्यानं सूत्रं घ्यायची. ती आपोआप जावीत की माणसानं खात्री करून द्यावीत, यावर उत्पादन विभाग आणि इन्स्ट्रुमेंटवाले यांचं एकमत होणं अवघड. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. निविदेत मात्र ‘सर्व्हर रिडंडंट असावेत’ एवढी एक ओळ टाकून हा वाद मिटवता येतो आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

रांजणगावात गाड्या, फ्रिज, वॉशिंग मशीन तयार होतात. असेंब्ली लाइन थांबली तर मिनिटागणिक नुकसान होतं, शिफ्टचं टार्गेट हुकतं, वरून फोन येतात. पण नीट इंटरलॉक असलेली थांबलेली लाइन कुणाच्या जिवावर उठत नाही. उलट, अर्धवट माहिती घेऊन पुढे आलेला सर्व्हर स्टेशनला आधीच्या मॉडेलचा प्रोग्रॅम पाठवू शकतो. तेव्हा शंका आली की थांबा, शिफ्ट इन्चार्जला विचारा, मग बदल करा, ही पद्धत तिथे चालून जाते.

कुरकुंभ रसायनांचं गाव. रिअॅक्टरमधली क्रिया उष्णता सोडत असेल तर ‘थांबा’ म्हणून ती थांबत नाही. कूलिंग चालू राहावंच लागतं. सर्व्हर गेला म्हणजे लगेच व्हॉल्व्ह बंद पडले असं नाही. ते सांभाळणारा कंट्रोलर बहुधा वेगळा असतो आणि तो आपलं काम करत राहतो. आंधळा होतो तो पॅनेलसमोरचा ऑपरेटर: आकडे गोठतात, अलार्म येत नाहीत, ट्रेंडची रेघ सपाट होते. अशा वेळी कुणाची परवानगी घेत बसणं परवडणारं नाही. इथे बदल आपोआपच व्हायला हवा.

तरीही विरोध करणाऱ्यांचा मुद्दा उरतोच. दोन सर्व्हर एकमेकांना ‘मी जिवंत आहे’ असा संदेश सतत पाठवत असतात. तो किती वेळ आला नाही म्हणजे जोडीदार गेला असं धरायचं? मुदत फार कमी ठेवली तर नेटवर्कला नुसता झटका बसला तरी उगाच अदलाबदल होते. फार जास्त ठेवली तर ऑपरेटर तेवढा वेळ अंधारात. मधली केबलच तुटली तर दोघेही स्वतःला मुख्य समजू लागतात. बॅचच्या कारखान्यात तर आणखी पंचाईत: कच्चा माल सोडून झाला आहे, पण ती नोंद दुसऱ्या सर्व्हरपर्यंत पोचलेली नाही. नवा सर्व्हर तीच पायरी पुन्हा सुरू करणार का? म्हणून स्क्रीन आणि अलार्म आपोआप फिरावेत, बॅच मात्र ‘होल्ड’वर जावी, कूलिंग आणि स्टरर चालू राहावेत आणि पुढची पायरी ऑपरेटरनं पाहून द्यावी, हे आम्हाला योग्य वाटतं. दुरुस्त झालेल्या जुन्या सर्व्हरनं आपसूक परत सूत्रं घेणं तर दोन्ही वसाहतींत बंदच असावं. अर्धवट बरा झालेला सर्व्हर पुन्हा पडला की अदलाबदलीचा खेळ सुरू होतो.

सर्वांत फसवा सर्व्हर अर्धमेला असतो. जिवंत असल्याचा संदेश जातोय, पण आतली माहिती अडकलेली. स्क्रीनवर तापमान ६२.४ दिसतं आणि ६२.४च राहतं. अनुभवी ऑपरेटर दशांशाचा आकडा हलतोय का ते बघतो. हलला नाही तर फील्डमध्ये माणूस पाठवून गेजवरचा आकडा मागवतो. ही सवय कुठल्याही सॉफ्टवेअरच्या बजेटमध्ये येत नाही.

जोडी असणं आणि जोडीतले दोघे वेगळ्या कारणांनी पडणं, या दोन निराळ्या गोष्टी. २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनच्या हवाई वाहतूक यंत्रणेत एका विमानाच्या मार्गपत्रात सारख्याच खुणेची दोन ठिकाणं आली. मुख्य प्रणाली गोंधळून थांबली, राखीव प्रणालीनं तेच पत्र हाती घेतलं आणि तीही थांबली. दोन्ही मिळून २० सेकंदही लागले नाहीत. ७ लाखांहून अधिक प्रवाशांना फटका बसला. सॉफ्टवेअर एकच, म्हणून चूकही एकच. आपल्याकडे त्याचा साधा अवतार म्हणजे दोन्ही सर्व्हर एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर, एकाच एसीखाली. कुरकुंभमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये रासायनिक कारखान्याला मोठी आग लागली होती. तिचा सर्व्हरशी संबंध जोडण्याचं कारण नाही. पण अशा वस्तीत सुरक्षेची ट्रिप यंत्रणा या सर्व्हरांपासून पूर्ण वेगळी असावी, हा खर्च वाटाघाटीत कापण्याजोगा नव्हे.

राहिली चाचणी. चालत्या कारखान्यात मुद्दाम सर्व्हर पाडायला उत्पादनवाले तयार नसतात. ट्रिप झाली तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. पण कधीच न पाडलेला सर्व्हर ऐन वेळी काय करेल हे विक्रेत्यालाही सांगता येणार नाही. दोन्ही तालुक्यांत असलेल्या साखर कारखान्यांना इथे एक सोय आहे. गाळप बंद असताना घेतलेली चाचणी फारसं काही सांगत नाही, कारण यंत्रणेवर भारच नसतो. हंगामात घ्यावी तर बॉयलर ट्रिप होण्याची धास्ती, आणि बाहेर तोडलेला ऊस वाळत उभा. मात्र अग्निप्रदीपनानंतर ट्रायलसाठी वाफ धरलेली असते आणि गव्हाणीत मोळी पडायची असते. त्या मधल्या दिवसांत चालू सर्व्हरची पॉवर काढावी, शटडाउनचं बटण दाबून नव्हे. ड्रमची लेव्हल दाखवणारा आकडा किती सेकंद गोठला ते घड्याळ लावून लिहावं. रासायनिक कारखान्यांनी तेच शटडाउननंतरच्या पाण्याच्या ट्रायलला करावं, आणि त्या नोंदीवर उत्पादन विभागाचीही सही घ्यावी.