समजून घ्या : अँटीव्हायरसमुळे घरचा कॉम्प्युटर का रखडतो?

जालना : ऑनलाइन अर्जाचा शेवटचा दिवस आणि आठवड्याने सुरू केलेला जुना कॉम्प्युटर नुसते चक्र फिरवतोय. वैतागून अनेक जण अँटीव्हायरसच काढून टाकतात. दोष खरेच त्याचा आहे का?

नेमके काय होते?
अँटीव्हायरस उघडणारी प्रत्येक फाइल आधी तपासतो. आठवडाभर साचलेले अपडेट आणि हुकलेले स्कॅनही सुरू करताच एकदम धावतात. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते. सगळी कामे एकाच वेळी आली की ती अडते. एसएसडीमध्ये असा फिरता भाग नसल्याने हा ताण कमी जाणवतो.

मग काढून टाकावा का?
नाही. झेरॉक्सच्या दुकानात लावलेल्या पेनड्राइव्हमधूनही व्हायरस घरी येतो. त्यात विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा कॉम्प्युटरवरचे संरक्षण काढणे दुहेरी धोक्याचे.

काय करावे?
- विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर मोफत असतो. पुण्याच्या क्विक हीलसारखा दुसरा अँटीव्हायरस घेतल्यास डिफेंडर सहसा आपोआप बाजूला होतो. बाहेरचे दोन मात्र एकत्र ठेवू नका.
- मुदत संपलेला अँटीव्हायरस काढा आणि डिफेंडर सुरू झाल्याची खात्री करा.
- पूर्ण स्कॅन जेवणाच्या वेळी लावा.
- अर्ज भरायचा असेल, तर कॉम्प्युटर आदल्या दिवशीच सुरू करून अपडेट उरकून घ्या.

एवढे करूनही रखडत असेल, तर नव्या अँटीव्हायरसपेक्षा एसएसडीवर खर्च करणे फायद्याचे.